उदाहरणार्थ, लॅब क्रमांक सतरा

५ फेब्रुवारी

घुमे,

तुझं पत्र आज आलं. वर लिहिलंय, 'महोदय / महोदया, लागू नसेल ते खोडावे.' मी दोन्ही खोडलं. ज्या मामाने तुला मांडीवर बसवून मायक्रोस्कोपला डोळा लावायला शिकवलं, त्याला तू 'लागू नसेल ते' म्हणतेस.

मामी म्हणाली, अहो, ते परिपत्रक आहे, सगळ्या लॅबना गेलंय, तिची फक्त खाली सही आहे. मी म्हटलं, सही तिची ना, मग राग पण तिलाच.

मग चष्मा लावून वाचलं. एक मार्चपासून हॉस्पिटलच्या सर्व्हरवर रिपोर्ट पाठवणाऱ्या प्रत्येक लॅबने आपल्या कॉम्प्युटरवर सर्टिफिकेट बसवायचं. पासवर्ड बंद. सर्टिफिकेट नसेल त्याला सर्व्हर दारातूनच परत पाठवणार. 'दोन्ही बाजूंनी एकमेकांची ओळख पटवणे बंधनकारक राहील.' तुमचं हॉस्पिटल दोन मजली होतं तेव्हापासून मी रिपोर्ट पाठवतोय. आधी माणसाच्या हाती, मग फॅक्सने, मग तुझ्या त्या सर्व्हरवर. आणि आता माझी ओळख पटवायची?

आई गेल्यावर तू आमच्याकडे आलीस तेव्हा काय करायचीस आठवतं? शाळेतून आलीस की दार वाजवायचं आणि गप्प उभं राहायचं. मामी आतून विचारायची, 'कोण?' तुझ्या तोंडून शब्द नाही. तरी आम्ही दार उघडायचो. म्हणून तर तुझं नाव घुमी पडलं. आम्ही कधी सर्टिफिकेट मागितलं नाही.

आणि सोबतच्या माहितीपत्रकात नमुन्याचं पान. 'उदाहरणार्थ, लॅब क्रमांक १७, रुग्ण क्रमांक ४१२६, पोटॅशियम ६.९.' अख्ख्या जगात तुला नमुन्याला माझीच लॅब मिळाली. वर पोटॅशियम सहा पूर्णांक नऊ. अग, इतकं पोटॅशियम असलेल्या माणसाला ॲम्ब्युलन्समध्ये घालायचं असतं, नमुन्यात नाही.

आता सरळ विचारतो. त्या साखळीवाल्यांच्या गावोगावी एकाच नावाच्या, काचेच्या दाराच्या लॅब आहेत, त्यांच्याकडे कॉम्प्युटरची माणसं आहेत. माझ्याकडे दोन खोल्या, एक मशीन, एक टेक्निशियन बाई आणि मी. अर्ध्याहून जास्त नमुने तुमच्या हॉस्पिटलच्या पेशंटांचे. ते थांबले की लॅबला कुलूप. तुमच्या साहेबांना मला काढायचं असेल तर तसं लिही. कॉम्प्युटरच्या आडून काढू नका.

फोन करू नकोस. फोनवर मी वाईट बोलेन.

मामा


११ फेब्रुवारी

मामा,

राग पोचला. मामीचा आशीर्वाद वाटेत कुठे पडला कोण जाणे.

कोणी तुला काढत नाही. गेल्या महिन्यात कुणीतरी एका लॅबचा पासवर्ड वापरून आमच्या सर्व्हरवरचे रिपोर्ट उघडून बघितले. कोणाचा पासवर्ड ते सांगत नाही, पण तुझा असता तर मला नवल वाटलं नसतं. दिवाणखान्यात लग्नाचा फोटो लावावा तसा तू तो पिवळ्या कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलायस. मी स्वतः पाहिलाय. तुझ्याकडे रक्त द्यायला येणारा प्रत्येक जण तो वाचत बसतो.

आता नीट वाच. आजवर फक्त आमचा सर्व्हर तुला आपली ओळख दाखवायचा. तुझा कॉम्प्युटर ती तपासायचा, तुला पत्ताही नसायचा. आता तुझा कॉम्प्युटरही आपली ओळख दाखवणार. पेशंटला सुई टोचायच्या आधी तू त्याचं नाव विचारतोस आणि बाटलीवरचं नाव त्याला दाखवतोस ना? दोघांनी बघितल्याशिवाय तू रक्त काढत नाहीस. तेच आहे.

करायचं ते असं. तुझ्या कॉम्प्युटरवर एक किल्ली तयार होईल. ती तिथेच राहणार. मग सर्टिफिकेट मागणारी एक फाइल तयार होईल, तेवढीच मला पाठवायची. मी त्यावर सही करून सर्टिफिकेट परत पाठवीन. तुझी मागणीची फाइल आणि आमचं मूळ सर्टिफिकेट, या दोन फाइलींचे ठसे म्हणजे त्यांच्यावरून निघणाऱ्या आकड्या-अक्षरांच्या लांबलचक ओळी आहेत. त्या मेलने पाठवायच्या नाहीत, कारण मेलमधली फाइल कोणी बदलली तर तो ठसाही बदलील. म्हणून त्या टपालाने. त्या निमित्ताने तू मला पत्र लिहितोयस, हे काय कमी आहे.

आणि तुझ्यासाठी मी नियम वाकवीन असं वाटत असेल तर वाकवणार नाही. तुझ्यासाठीही नाही आणि कोणासाठीही नाही.

नमुन्यातली सतरा: तो नंबर मला पाठ आहे. लिहायला बसले आणि दुसरा कुठला आठवला नाही. रुग्ण क्रमांक मनाने घातला. पोटॅशियम मात्र तुझ्यामुळेच. लहानपणी जेवताना तू रोज कोणाच्या तरी पोटॅशियमबद्दल ओरडायचास.

घुमी


१७ फेब्रुवारी

घुमे,

उंटावरून शेळ्या हाकू नकोस. 'किल्ली तयार होईल' म्हणे. दळण टाकलं आणि पीठ आलं इतकं सोपं असल्यासारखं लिहितेस. तुझ्या माहितीपत्रकातली तिसरी पायरी केली की दुसरी पायरी चुकल्याचं कळतं आणि दुसरी परत केली की पहिलीच पुसली जाते. टेक्निशियन बाई म्हणाल्या, डॉक्टर, तुम्ही बाजूला व्हा. मी बाजूला झालो नाही, म्हणून दोन दिवस लागले.

पण झालं. सोबत पेनड्राइव्ह पाठवतोय. त्यात सगळंच आहे, मागणीची फाइल आहे आणि ती किल्लीही. कुठली फाइल लागेल, कुठली नाही, तुझं तू बघ. घरच्या माणसापासून काय लपवायचं.

मामी विचारतेय, तू जेवतेस का. मी म्हटलं, तिला मेलने विचारू नकोस, कोणीतरी उत्तर बदलील.

मामा


२० फेब्रुवारी

मामा,

पेनड्राइव्ह मी पकडीने मोडला. तुकडे दाखवायला ठेवलेत.

किल्ली पाठवायची नाही म्हणजे नाही. मलाही नाही. मामीलाही नाही. सर्टिफिकेट जगाला दाखवायचं असतं, किल्ली कोणालाच दाखवायची नसते. ज्याच्याकडे तुझी किल्ली तो सर्व्हरच्या दृष्टीने तू. उद्या मी तुझ्या नावाने वाटेल तो रिपोर्ट पाठवला असता आणि सगळ्या जगाने शपथेवर सांगितलं असतं की तो तूच पाठवलास. तू घसा कोरडा पडेपर्यंत नाही म्हणाला असतास तरी कोणी ऐकलं नसतं. मला तसं करायची पाळी कधी येऊ नये म्हणून हे सगळं चाललंय. आणि तू ती टपालात टाकतोस, साध्या पाकिटात.

ती किल्ली मेली असं समज. नवी बनव. बाईंना करू दे, तू खरोखर बाजूला हो.

आणखी एक. आमचा ठसा सोबत पाठवतेय. आमचं मूळ सर्टिफिकेट बसवायच्या आधी त्याच्याशी एकेक अक्षर ताडून बघ. मी पाठवलं म्हणून विश्वास ठेवू नकोस. आम्हीही कोणी भलतेच असू शकतो.

जेवते, म्हणून सांग मामीला.

घुमी


२७ फेब्रुवारी

घुमे,

झालं. पहिला रिपोर्ट गेला.

ठसा ताडायला मामीला बसवलं. ती तुझ्या पत्रातून दोन-दोन अक्षरं मोठ्याने वाचत होती, मी पडद्यावर बघत होतो. बाहेर पेशंट बसलेले. त्यांना वाटलं, आत काहीतरी मंत्र चाललाय. निम्म्यात मामीला शिंक आली आणि ओळ चुकली. परत पहिल्यापासून.

एवढं करून आमचा कॉम्प्युटर म्हणतो, सर्टिफिकेट अजून चालू व्हायचंय. मी शिव्या दिल्या. शेवटी बाईंनी बघितलं, आमच्या कॉम्प्युटरचं घड्याळ चार वर्षं मागे. सर्टिफिकेट आजचं, घड्याळ जुनं, मग तो म्हणणारच की याचा जन्म अजून व्हायचाय. घड्याळ लावलं आणि दार उघडलं. पानावर माझा नंबर आला आणि बाजूला हिरवी खूण, 'ओळख पटली'.

खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मॉनिटरवरचा पिवळा कागद मी स्वतः काढून फाडला. साखळीवाल्यांचं अजून जमलेलं नाही असं ऐकलं. त्यांच्या कॉम्प्युटरच्या माणसांना एक मामी ठेवायला सांग.

तरी 'महोदय' मी विसरलेलो नाही.

मामा


१९ मार्च

महोदया,

लागू नसेल ते मी खोडत नाही. आज तुम्ही माझ्या कोणी लागत नाही.

तुमच्या हॉस्पिटलची नोटीस आली. लॅब क्रमांक सतराने बारा मार्चला रुग्ण क्रमांक ४१२६ चा चुकीचा रिपोर्ट पाठवला, पोटॅशियम ६.९. रुग्ण त्या दिवशी डायलिसिसला आला होता. ड्यूटीवरच्या डॉक्टरने रिपोर्ट बघून पोटॅशियम उतरवायला ताबडतोब इन्शुलिन दिलं. रुग्ण पहाटेच्या बसने उपाशी आलेला. साखर एकदम खाली गेली, झटके आले, दोन दिवस अतिदक्षता विभागात. पुढे लिहिलंय, 'सदर रिपोर्टवर ओळख पटल्याची खूण असल्याने तो आपल्या लॅबकडूनच आला हे सिद्ध आहे.' चौकशी होईपर्यंत लॅब बंद. म्हणजे तुमच्याकडून बंद. पण गावात बातमी पोचली की आपोआप सगळीकडूनच बंद.

हा ४१२६ कोण माहीत आहे? आपला वेल्डर. तुझी सायकल जोडून द्यायचा तो. दर महिन्याला रक्त माझ्याकडे देतो आणि टेबलाच्या पायाला हात लावून सांगतो, डॉक्टर, हे वेल्डिंग माझं आहे, विसरू नका. त्याचा हात अजून थरथरतो. थरथरत्या हाताने वेल्डिंग होत नाही. बाकी तुला कळेल.

बारा तारखेला मामीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. लॅब बंद होती. बाई सुट्टीवर, मशीन बंद, कॉम्प्युटर बंद. वेल्डरचं रक्त मी त्या आठवड्यात काढलेलंच नाही. मग रिपोर्ट गेला कुठून?

तूच मला लिहिलं होतंस. कोणीतरी माझ्या नावाने रिपोर्ट पाठवील आणि सगळं जग शपथेवर सांगेल की तो मीच पाठवला. जग सांगतंय. आता तू सांग.

मामा


२४ मार्च

मामा,

चौकशी चालू आहे, त्यामुळे मला यावर काही लिहिता येत नाही.

तुझ्या बाजूने एवढंच बघ, कॉम्प्युटरला बाकी कोणाचा हात लागला होता का, किल्लीची प्रत कुठे राहिली होती का. पहिल्या वेळी तू ती टपालात टाकली होतीस, हे साहेबांच्या कानावर गेलंय. ते मी सांगितलेलं नाही, पण विचारल्यावर नाही म्हणता आलं नाही.

थोडे दिवस गप्प राहा. आरडाओरडा केलास तर प्रकरण वाढेल. महिन्याभरात सगळं मिटेल असं मला सांगण्यात आलंय.

मामीच्या डोळ्याला कसं आहे?

घुमी


२९ मार्च

घुमे,

मामीचा डोळा उत्तम आहे. तुझं पत्र तिनेच मला वाचून दाखवलं, आणि वाचून झाल्यावर म्हणाली, हे तिने लिहिलेलं नाही, तिच्याकडून कोणीतरी लिहून घेतलंय.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली ती 'गप्प राहा' या दोन शब्दांनी. माणूस मरता मरता वाचला, माझं नाव चिखलात गेलं, आणि तू मला गप्प बसायला सांगतेस. मेलेली किल्ली उकरून काढतेस. ती तूच मारलीस, तुकडे दाखवायला ठेवलेस म्हणून लिहिलं होतंस. ते साहेबांना दाखवलेस का?

मग मी कपाटातून तुझं माहितीपत्रक काढलं. लॅब सतरा. रुग्ण ४१२६. पोटॅशियम ६.९. तुझ्या नमुन्याचं पान, जसंच्या तसं. आपला वेल्डर तुझा नमुना होऊन बसलाय, बाई. तू मनाने घातलेला नंबर खऱ्या माणसाचा निघाला आणि कोणीतरी ते पान न वाचता तसंच्या तसं पाठवून दिलं. पण मग तुझं दार कुठे गेलं होतं? माझ्या नावाने दुसरा कोणी आला तर त्याच्याकडे माझी किल्ली नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं. दाराने त्याला हाकलायला हवं होतं.

म्हणून काल सकाळी मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात गेलो. तिथल्या कॉम्प्युटरवर तुमच्या सर्व्हरचा पत्ता टाकला. किल्ली नाही, सर्टिफिकेट नाही, काही नाही. पान उघडलं. कोणी विचारलं नाही. लॅब क्रमांकाच्या रकान्यात सतरा लिहिलं, शेजारी हिरवी खूण, 'ओळख पटली'. कोणाची पटली? झेरॉक्सवाल्याची? पासवर्ड तर तूच बंद केलास. म्हणजे जुनं कुलूप काढलं, नवं लावलं नाही, आणि वर पाटी टांगली की इथे कुलूप आहे.

मग मी रकान्यात चार लिहिलं. चार म्हणजे साखळीवाले. त्यालाही हिरवी खूण. तेव्हा मी साखळीवाल्यांच्या नावाने एक रिपोर्ट पाठवला. रुग्ण क्रमांक माझा स्वतःचा, मागे हॉस्पिटलात पित्ताशय काढलं तेव्हाचा. पोटॅशियम पंधरा. पंधराला माणूस जिवंत नसतो. तुझ्या सर्व्हरला ते कळत नाही, पण असे रिपोर्ट तुमच्या किडनीच्या डॉक्टरीणबाईंकडे जातात, त्यांना कळेल. शेऱ्याच्या जागी माझं नाव आणि 'तुमचं दार उघडं आहे' एवढंच लिहिलं. सर्व्हर म्हणाला, धन्यवाद, रिपोर्ट स्वीकारला.

हा गुन्हा असेल तर पोलीस पाठव. मी घरीच आहे, लॅब बंद असल्यामुळे.

आता शेवटचं, आणि हे मी शांतपणे लिहितोय. तुला हे माहीत होतं. चोवीस तारखेच्या पत्राच्या आधी माहीत होतं. 'कोणासाठीही नियम वाकवणार नाही' असं मला ठणकावून लिहिणारी तू, माझ्यासाठी वाकवला नाहीस हे खरं. मग कोणासाठी वाकवलास? चोर सोडून संन्याशाला सुळी देतात हे ऐकून होतो. सुळाला टोक आमच्याच घरच्या माणसाने काढावं हे ऐकलं नव्हतं.

मामा


४ एप्रिल

मामा,

माहीत होतं.

चार मार्चला साखळीवाल्यांचं सर्टिफिकेट बसेना. त्यांची माणसं साहेबांच्या खोलीत येऊन बसली. त्यांचे रिपोर्ट अडले की निम्मं हॉस्पिटल अडतं. साहेब म्हणाले, तात्पुरतं सैल कर. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एका ओळीत एक शब्द असतो. सर्टिफिकेट 'सक्तीचं' की 'ऐच्छिक'. ऐच्छिक केलं की सर्व्हर सर्टिफिकेट मागतो, नसेल तर तसंच आत घेतो. मी म्हटलं, असं नको. ते म्हणाले, दोनच दिवस. मी तो शब्द बदलला. माझ्या हाताने. दोन दिवसांनी विचारलं, परत करू का? तर म्हणाले, घाई काय आहे. मग रोज विचारलं. मग रोज विचारायचं थांबवलं.

आणि चूक ती एकच नाही. दार सक्तीचं आहे असं धरून चालले होते, म्हणून मी लॅबचा नंबर रकान्यातून घेत होते. तो सर्टिफिकेटातून घ्यायला हवा होता. म्हणून हिरवी खूण कोणालाही. ती चूक साहेबांची नाही, माझी.

बारा तारखेला साखळीवाल्यांच्या माणसाने चाचणी म्हणून माझा नमुना उचलला आणि काहीही न बदलता पाठवला. मला त्याच संध्याकाळी कळलं. तोवर वेल्डरला अतिदक्षता विभागात नेलं होतं. तो आपला वेल्डर आहे हे मला तुझ्या पत्रातून कळलं, तोवर माझ्यासाठी तो ४१२६ होता. साहेब म्हणाले, बाहेर काढलंस तर तुझंच नाव येईल, सिस्टिम तुझी, नमुना तुझा, शब्द तू बदललास. गप्प बसलीस तर तुझ्या मामाची लॅब महिन्याभरात गाजावाजा न करता परत जोडू. मला वाटलं, महिनाच तर आहे. मामा चिडेल, मग निवळेल. तुला ओळखत असूनही मला असं वाटलं, मामा. चोवीस तारखेचं पत्र साहेबांनी वाचल्यावरच टपालात पडलं. मामीचं बरोबर आहे. पण पेन माझ्याच हातात होतं.

परवा सकाळी डॉक्टरीणबाई खाली सर्व्हरच्या खोलीत आल्या. त्या कधी येत नाहीत, त्यांना तिथली थंडी सोसत नाही. हातात तुझा रिपोर्ट. म्हणाल्या, 'पोटॅशियम पंधरा. हा माणूस जिवंत आहे का?' मी म्हटलं, 'जिवंत आहे. माझा मामा आहे. रागावलाय.' त्या म्हणाल्या, 'रागावलेला दिसतोयच. खरं काय ते सांग.'

मी त्यांना घेऊन साहेबांच्या खोलीत गेले आणि दोघांसमोर पहिल्यापासून सगळं सांगितलं. साहेब मध्ये मध्ये बोलत होते. मी थांबले नाही. मला इतका राग आला होता की माझाच आवाज मला ओळखू येईना. साहेबांवर आला, साखळीवाल्यांवर आला, तुझ्यावर पण आला, की तू गप्प बसला असतास तर मला गप्प बसता आलं असतं. मग त्यांच्याच टेबलावर बसून मी तो शब्द परत 'सक्तीचं' केला. साखळीवाल्यांचे रिपोर्ट तिथल्या तिथे अडले. फोन वाजायला लागला. साहेब म्हणाले, हे कोणाला विचारून केलंस? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मला.

सगळं लिहून सही करून दिलंय. चौकशी संपेपर्यंत मला घरी बसवलंय, त्यानंतर बहुतेक कायमचंच. सही करायची किल्ली काढून घेतली. ते बरोबरच आहे.

माझ्या खोलीत बसून भिंतीकडे बघतेय. मामा, मी तिकडे येऊ का?

घुमी


१३ एप्रिल

घुमे,

हॉस्पिटलचं पत्र आलं. 'महोदय / महोदया, तांत्रिक कारणामुळे उद्भवलेल्या गैरसमजाबद्दल दिलगीर आहोत.' तांत्रिक कारण म्हणजे तू. गैरसमज म्हणजे मी. लॅब क्रमांक सतरा परत जोडली. साहेब रजेवर गेलेत, त्यांच्या जागी नवीन माणूस आलाय. त्याने सगळ्यांची सर्टिफिकेटं रद्द केलीत. परत किल्ली, परत ठसा, परत मामी आणि तिची शिंक. नवं माहितीपत्रकही आलं. तुझंच आहे, शब्दन् शब्द, फक्त नमुन्याचं पान कोरं ठेवलंय.

डॉक्टरीणबाईंनी फोन केला होता. म्हणाल्या, तुमची भाची बोलायला लागली की भीती वाटते. मी म्हटलं, आम्हाला ती बोलत नाही त्याचीच भीती वाटत आलीय.

माझा राग गेलेला नाही. जाईल असंही वाटत नाही, निदान लवकर नाही. तू सैल केलंस त्याचा राग नाही. वरचा माणूस छातीवर बसला की हात सैल पडतो, मलाही माहीत आहे. वेल्डर खाटेवर पडलेला असताना तू मला विचारलंस की किल्लीची प्रत कुठे राहिली का, त्याचा राग आहे. ते वाक्य मला रोज सकाळी आठवतं, दात घासताना.

पण खरी गोष्ट वेगळीच आहे. लॅब उघडून पाच दिवस झाले. पेशंट येतात, थोडे का होईना. वेल्डर येत नाही. त्याची बायको परवा किराणा दुकानात सगळ्यांदेखत मामीला म्हणाली, तुमच्या म्हाताऱ्याने आमच्या माणसाला मारलं असतं. मामी रिकामी पिशवी घेऊन घरी आली. साखर आणायची राहिली, म्हणून दोन दिवस बिनसाखरेचा चहा पितोय आणि त्यावर एक शब्द बोललेलो नाही.

मी जाऊन सांगू शकलो असतो. हॉस्पिटलचं पत्र दाखवू शकलो असतो. गेलो नाही. माझ्या तोंडून ती सबब वाटेल. मी कोण आहे हे मीच सांगून काय उपयोग, ते दुसऱ्या कोणीतरी सही करून सांगावं लागतं. एवढं तर तूच शिकवलंस.

तू विचारलंस, येऊ का. ये. पण सरळ इकडे येऊ नकोस. बसमधून उतरलीस की आधी वेल्डरच्या वर्कशॉपच्या मागे जा. त्याचं घर तिथेच आहे, लोखंडी दार, त्यानेच जोडलेलं, अजून धड आहे. त्याला मी काही सांगितलेलं नाही. कोणाचा नमुना, कोणाचा शब्द, हे त्याला फक्त तू सांगू शकतेस. दार वाजवलंस की त्याची बायको आतून विचारेल, कोण? तिथे पहिल्यासारखी गप्प उभी राहू नकोस. ते दार तसं उघडणार नाही. कोण आलंय ते सांग, काय केलंस ते सांग, आणि ती जे बोलेल ते पूर्ण ऐकून घे.

मग इकडे ये. मामी विचारेल, कोण? इथे नाही सांगितलंस तरी चालेल.

मामा